मीठ घातलेला खड्डा

ती घटना आठवली की मी आधी उठतो आणि हात धुऊन येतो. आत्ताही धुऊन आलोय. बायको आतून विचारते, "आत्ताच जेवायचंय का?" तिला काय सांगणार! हात का धुतो ते शेवटाला कळेल.

पोलीस खात्यात माझी उभी हयात गेली. परभणी जिल्ह्यात माझ्याबद्दल बरेच किस्से सांगतात. त्यातले निम्मे मीच पसरवलेत. जिंतूरच्या बसस्टँडवर मी नुसता खाकरलो, तरी सेलूच्या बाजारातले खिसेकापू आपापल्या खिशात हात घालून गप उभे राहायचे. हे खरं आहे. निदान माझ्या निरोप समारंभात मी तसं सांगितलं आणि कुणी हरकत घेतली नाही. पण ही हकीकत सांगताना मी काही वाढवणार नाही. हिला वाढवायची गरज नाही.

माझं ठाणं तेव्हा देवगाव फाट्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पोळा नुकताच होऊन गेला होता. हद्दीतल्या एका गावचा शिंपी बेपत्ता झाला. सगळा गाव त्याला टेलर म्हणायचा, मीही तेच म्हणतो. खरी नावं इथं कुणाचीच देणार नाही. त्याची बायको ठाण्यात आली. आम्ही मिसिंग दाखल करून घेतली, फोटो घेतला, वर्णन घेतलं. वर्णनात ती म्हणाली, "पोट लय मोठं झालंय साहेब, हातपाय काटक्या. डोळे हळदीवानी पिवळे." ठाणे अंमलदाराने विचारलं, "पितो का?" ती म्हणाली, "न पिता कवा बगितलंच न्हाई, काय सांगू!"

टेलरचा पिण्यातला जोडीदार म्हणजे पैलवान. एकेकाळचा खराखुरा पैलवान. तरुणपणी त्याने दंड थोपटला की आखाड्याबाहेरच्या बैलगाड्यांचे बैल बुजायचे, असं लोक सांगतात, आणि अशा बाबतीत मी लोकांवर पटकन विश्वास ठेवतो. कुस्ती सुटली, बाटली धरली. बायको माहेरी गेली ती गेलीच. आता तो धाकट्या भावाकडं राहायचा. धाकटा गावापासून लांब, चारठाणा गावाच्या बाजूला, शेतातच घर करून राहत होता. सकाळी उठून टेलर आणि पैलवान फाट्यावर जायचे, आणि संध्याकाळी कोण कुणाला आणतंय ते कळायचं नाही.

एका सकाळी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. त्याचा चहा पाण्यासारखा, पण खबर पक्की.

"साहेब, जरा या इकडं. पैलवान इथं बाकड्यावर बसून सांगायलाय, की टेलरला पुरलाय मनून."

"कुणी पुरला?"

"धाकट्यानं. त्येच्या सख्ख्या भावानं. मी बगितलं मनतोय. लोकं जमायलेत, साहेब. टेलरचा मेव्हणाबी आलाय."

मी जीप काढली. पैलवान बाकड्यावर बसला होता. एवढा मोठा सांगाडा, वर नुसतं कातडं. मला बघून उठला, हात जोडले. चालताना पाय फाकवून टाकत होता, कमरेइतक्या पाण्यातून चालल्यासारखा. आणि त्याचे डोळे एका जागी ठरत नव्हते. बुबुळं आडवी थरथरत होती. मला वाटलं, अजून उतरली नाही.

ठाण्यात आणून जमादाराने जबाब घ्यायला सुरुवात केली. पैलवान शांतपणे सांगत गेला.

"दिस मावळताना खड्डा खांदला. लय मोठा. धाकटा रडायलता. मंग अंगावर नवं कापड टाकलं."

"टेलरच्या?"

"हौ, टेलरच्या. कपाळाला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. मंग मिठाचं पोतं वतलं सगळं."

जमादाराचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडं बघितलं. हळदकुंकू, नारळ, नवं कापड! चारठाण्याला जुनी देवळं. त्या भागात प्रत्येकाला आपल्या बांधाखाली सोन्याचा हंडा आहे असं वाटतं. गुप्तधन आणि नरबळी, दुसरं काय? आणि मीठ कशाला, तर प्रेत लवकर विरघळावं म्हणून. मी मनातल्या मनात पेपरातला मथळा वाचला. माझा फोटोही बघितला त्यात, टोपी घातलेला.

"आता टेलर कुठंय?" मी उगीच दरडावून विचारलं.

पैलवानाने कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडं बोट केलं. "त्यो काय बसलाय की. मशीन चालवायलाय. आयका."

भर दुपार होती. बाहेर भादव्याचं ऊन चटचटत होतं. ठाण्यात एक पंखा, तोही बंद. आम्ही सगळे स्टुलाकडं बघत राहिलो. आणि खरं सांगतो, खट्-खट्-खट् असा आवाज आला. नंतर कळलं की आमच्या एका शिपायाचे दात वाजत होते. पण त्या क्षणी ते स्टूल रिकामं आहे असं छातीवर हात ठेवून सांगणारा एकही माणूस ठाण्यात नव्हता.

धाकट्याला ताब्यात घेतलं. चाळिशीचा, बुटका, मातीत राबलेला गडी. घाबरून त्याची बोबडी वळली होती.

"खड्डा खणला की नाही?"

"खणला, साहेब."

"कापड, कुंकू, नारळ?"

"हौ."

"मीठ?"

"घातलं की. घालावंच लागतंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पर त्यो आमचा हरण्या होता, साहेब. बैल. पोळ्यात मिरवला आन् दोन दिसांनी बसला तो उठलाच न्हाई. घरच्या बैलाला का कातडं काढायला द्यायचं? लेकरावानी पुरला त्येला."

आता माझ्या खुर्चीत बसून विचार करा. मारेकऱ्याजवळ तयार उत्तर असतंच, आणि या उत्तराचा साक्षीदार तर खड्ड्यात. जमादार शेतकऱ्याचा पोरगा, तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, आमच्यातबी बैलाला असंच पुरतात. मीठबी घालतात." पण त्याच वेळी बाहेर टेलरचा मेव्हणा गरजत होता, "बैल मेला आसंल, पर बैलाच्या खाली कोन हाय ते बगा!" त्याच्यामागं अर्धा गाव. कुणीतरी धाकट्याच्या कडब्याच्या गंजीला काडी लावायची भाषा करत होता. खड्डा उघडायला दंडाधिकारी म्हणून तहसीलदार साहेब लागतात, पंच लागतात, डॉक्टर लागतात. तो दिवस कागद हलवण्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तीच गडबड, आणि त्यात मी एका बाईकडं बघत होतो. धाकट्याची बायको ठाण्याच्या पायरीवर भाकरी घेऊन बसली होती. तिने एक फडकं आणि एक डबा आणला होता. फडकं कोठडीतल्या नवऱ्यासाठी. डबा शिपायाच्या हातात देत म्हणाली, "हे दादाला द्या. त्येंला कोरडं गिळत न्हाई, दुधात कुस्करलंय. आन् समोर बसून चारा, न्हाईतर तसंच ठेवतेत."

म्हणजे जो माणूस तिच्या नवऱ्याला फासावर चढवायला निघाला होता, त्याची ही न्याहारी!

"बाई, तुला राग येत नाही त्याचा?"

"येतो की. पर त्येंनी मला सकाळी इचारलं, धाकटा कुठं गेला मनून. काल सोताच धरून देलं, आन् आज वाट बगायलेत त्येची. आसल्या माणसावर कसा राग धरावा, साहेब?"

हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. कारण मलाही तोच अनुभव येत होता. पैलवानाला आम्ही साक्षीदार म्हणून ठाण्यातच ठेवलं होतं. मी खोलीत गेलो की तो दर वेळी उठायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "रामराम साहेब. नवीन आलाव का ठाण्यात?" आधी वाटलं, नाटक करतोय. पण जबाब पुन्हा ऐकला तर टेलरचा सदरा कधी पांढरा, कधी तांबडा. खड्डा कधी विहिरीजवळ, कधी लिंबाखाली. कापड, कुंकू, नारळ, मीठ मात्र तेच.

आता मी स्वतः गप्पा हाणणारा माणूस. या धंद्यातलं मला कळतं. थाप मारणारा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असतो, पचली का नाही ते. आणि आपली थाप तो तळहातावरच्या फोडासारखी जपतो. पैलवान कुणाकडं बघत नव्हता आणि काही जपत नव्हता. तो समोर दिसणारं काहीतरी बघून सांगत होता. मला भीती वाटली ती तिथं.

त्याला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला तिखट. त्यांनी त्याला चालवलं, बोटाकडं बघायला लावलं. शांतपणे तीन वस्तूंची नावं सांगितली, थोडं इकडचं तिकडचं बोलल्या आणि ती नावं विचारली. पैलवान म्हणाला, "कोणती नावं? तुमी आत्ताच तर आलाव."

मग त्यांनी विचारलं, "पहिली मोठी कुस्ती कुणाशी केली?" तर वस्तादाचं नाव, आखाड्याची माती, कोणता डाव टाकला, सगळं घडाघडा. चेहरा पोरासारखा झाला होता.

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "साहेब, हा माणूस खोटं बोलत नाही. याला ठाण्यात नाही, दवाखान्यात ठेवायला हवा होता."

"म्हणजे वेडा?"

"दारूवर जगणारा माणूस जेवत नाही, आणि जेवलं ते अंगी लागत नाही. मेंदूला एक जीवनसत्त्व लागतं, बी-वन. ते वर्षानुवर्षं मिळालं नाही की आधी डोळे आणि चाल जाते, मग नवी आठवण साठवायची जागाच मरते. जुनं राहतं, कालचं राहत नाही. पण रिकामी जागा मेंदूला सहन होत नाही. हाताला लागतील ते तुकडे जोडून तो ती भरतो. तुम्ही प्रश्नात जे नाव घालाल, ते तो उत्तरात घेईल, आणि मनापासून खरं मानेल."

मला जबाब आठवला. टेलरला पुरला, हे तो फाट्यावर बोलला होता खरं. पण तिथं बाकड्यावरचा प्रत्येक जण रोज टेलरचंच विचारत होता. 'अंगावर नवं कापड टाकलं,' एवढंच पैलवान आपणहून म्हणाला होता. 'टेलरच्या?' हे जमादाराने घातलं होतं.

बाईंनी ताबडतोब इंजेक्शन दिलं, मग सलाईन. वर मला दम दिला, "आणि याची दारू अचानक तोडून कोंडून ठेवलंत ना, ते धोक्याचं होतं. इतकी जुनी सवय झटक्यात तोडली की फिट येते, नाही नाही ते दिसतं, जीवही जातो. लोक घरी कोंडून दारू सोडवतात आणि माणूस गमावून बसतात. ते काम दवाखान्यात करायचं असतं." मी उभ्या आयुष्यात वरिष्ठांचं एवढं निमूटपणे ऐकलं नव्हतं.

पण डॉक्टर बाईंचं म्हणणं मला पटून काय उपयोग? गाव कडब्याच्या गंजीभोवती उभं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खड्डा उघडला. तहसीलदार, पंच, डॉक्टर बाई, धाकट्याला धरून दोन शिपाई, आणि सलाईनची पट्टी हाताला असलेला पैलवान. सभोवती माणसंच माणसं, तरी आवाज फक्त कुदळीचा. आधी वास आला. बायकांनी पदर नाकाला लावले. मग कापडाचा कोपरा दिसला. टेलरच्या बायकोने माझी बाही धरली. ती कुणाची बाही धरतेय हे तिला कळत नव्हतं. मग कापडाखालून शिंग निघालं. शेंदरी रंगाचं, पोळ्याचं बेगड अजून चिकटलेलं. गळ्यातली घुंगरमाळ खळ्ळकन वाजली.

पैलवान एकदम गुडघ्यावर बसला. "हरण्या," तो म्हणाला. "आरं, हरण्या मेला?" आणि ढसाढसा रडायला लागला. धाकटा शिपायाच्या हातून सुटून गेला आणि त्याच्याजवळ बसला. पैलवानाने त्याला कवेत घेतलं. "धाकट्या, हरण्या मेला रे. मला कुनी सांगितलंबी न्हाई."

मेव्हणा मागं हटला नाही. "खाली बगा! बैलाच्या खाली!" बैल बाजूला केला. खाली काळी कोरी जमीन. कुदळ टणकन वाजली, म्हणजे त्याखाली कुणी कधी खणलंच नव्हतं. लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात पैलवानाने डोळे पुसले, वर बघितलं, आणि तो मघाचं सगळं विसरून गेला होता. मेव्हण्याने विचारलं, "टेलर कुठं पुरला मंग?" पैलवान सरळ बोट करून म्हणाला, "तिकडं. बाभळीखाली."

सगळी गर्दी बाभळीकडं वळली. मी ओळखलं, आता बाभळ, मग विहीर, मग सगळं शिवार. कुठं ना कुठं कुणाचं तरी हाडूक निघणार आणि धाकटा आयुष्यातून उठणार. मी वाटेत आडवा उभा राहिलो. माझा आवाज मी पूर्ण सोडला. चारठाण्याच्या देवळातली पाखरं उडाली असतील.

"थांबा! पाव्हणे, परवा दुपारी पैलवान कुठं होता?"

मेव्हणा म्हणाला, "ठाण्यात. आमी बाहेरच बसलो होतो की."

"ठीक. पैलवान, परवा आपण दोघं पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. ध्यानात आहे?"

"हौ की." क्षणाचाही उशीर नाही. "तुमच्या जीपीत. लय गर्दी होती. तुमी नारळ फोडला आन् त्यो नासका निघाला. तुमचं तोंड उतरलं, साहेब."

नारळ मी प्रश्नात घातला नव्हता.  

"आणखी कोण होतं आपल्याबरोबर?"

त्याची थरथरती नजर माणसांवरून फिरत गेली. ज्याच्यावर ती यायची, तो मान वळवायचा. ती मेव्हण्यावर थांबली.

"हे पाव्हणे होते."

"आणि टेलरला पुरलं तेव्हा?"

"तवाबी हेच. पाय ह्येंनीच धरले. मिठाचं पोतं ह्येंच्याच खांद्यावर होतं. घाम आलता त्येंला." पैलवान मायेने हसला. "दमलं होतं बिचारं."

मेव्हण्याचा चेहरा राखेसारखा झाला. "ओ साहेब! मी तवा गंगाखेडला होतो! खोटं बोलायलाय ह्यो!"

"खोटं? मग कालपर्यंत हाच माणूस खरा कसा होता? जमादार, कागद काढा. पाव्हण्यांच्या नावाचा जबाब लिहून घ्या."

 मेव्हणा खाली बसला. जो तो एक पाऊल मागं सरकत होता, पैलवानाची नजर आपल्यावर येऊ नये म्हणून. कडब्याची गंज जाळायला निघालेली ती माणसं एका हाडकुळ्या दारुड्याच्या डोळ्यांना भ्यायली होती. मीही त्यांच्यातच होतो.

धाकट्याला तिथंच सोडला. सुटल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला असेल? "साहेब, हरण्याला झाका आधी. कुत्री येतील." आम्ही सगळ्यांनी माती लोटली. मीही ओंजळभर टाकली. काळी, ओली, मीठ लागलेली माती.

टेलर सापडला, पण उशिरा. सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला होता, त्याचं उत्तर आलं. शेजारच्या जिल्ह्यात एका बसस्टँडवर त्याला रक्ताची उलटी झाली होती. अनोळखी इसम म्हणून सरकारी दवाखान्यात पडून होता. यकृत दगड झालं होतं. अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. बायको पोचली तेव्हा त्याने तिला ओळखलं. त्यानंतर तो फार टिकला नाही. तिने मला एकच सांगितलं, "पुरला न्हाई साहेब त्येंला कुनी. त्येंनीच सोताला घोटाघोटानं पुरलं."

पैलवानाचे डोळे इंजेक्शनांनी ठरले, चाल बरीच सुधारली, दारू सुटली. आठवण मात्र परत आली नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आधी आणला असता तर."

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. प्रश्नात उत्तर घालून विचारू नये, ही एक; नव्या पोरांना मी ती ओरडून ओरडून सांगितली. दुसरी अशी, की दारू जीव घेते हे आपण सगळे घोकतो, पण जीव घेणं हे तिचं सगळ्यात वाईट काम नव्हे. कधी कधी ती माणूस जिवंत ठेवते, आणि त्याच्या आतला साक्षीदार तेवढा नेते. मागं राहतो तो बोलतो, हसतो, रामराम घालतो. पण त्याच्या आत बघायला कुणी बसलेलं नसतं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्या शेतावर गेलो. नवा बैल दावणीला होता. धाकट्याच्या बायकोने चहा टाकला. पैलवान लिंबाखाली बसला होता, अंगाने चांगला भरलेला. मला बघून उठला, हात जोडले.

"रामराम साहेब. नवीन आलाव का ठाण्यात?"

मग खाली बसून त्याने मला सगळी हकीकत सांगितली. टेलरची. खड्ड्याची. धाकटा शेजारी बसून त्याच्यासाठी भाकरी कुस्करत होता. सख्ख्या भावाच्या तोंडून आपण खुनी असल्याचं ऐकता ऐकता त्याने दूध ओतलं, वाटी त्याच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "घ्या, च्या घ्या साहेब. रोजचंच हाय."

मी उठलो, तेव्हा पैलवानाने माझा हात धरला. उजवा हात. तळवा उलटा करून त्याने निरखून बघितला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तुमीबी एक ओंजळ टाकली होती. टाकताना टेलर तुमच्याकडंच बघायलता. तुमी न्हाई बघितलं."

ओंजळ खरी होती. ती त्याच्या ध्यानात कशी राहिली, ते डॉक्टर बाईंनाही सांगता आलं नाही. घरी येईस्तोवर मी तो हात गाडीच्या खिडकीबाहेर धरला होता.